वंशवृक्षाखाली हरवलेली गोष्ट



स्मृतिव्याख्यानासाठी एक फसलेला चित्रपट विषय म्हणून घ्यावा, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. साजऱ्या झालेल्या कलाकृतींवर आपण भरभरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण पैसा, प्रतिभा, अनुभव, वाट पाहणारा प्रेक्षक असे सगळे हाताशी असताना जी कलाकृती फसते, ती गोष्ट सांगण्याच्या कलेविषयी फार मोलाचे काही शिकवते, असे मला मनापासून वाटते. म्हणून आज मी १६ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या 'फँटॅस्टिक बीस्ट्स : द क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड' या चित्रपटाविषयी बोलणार आहे.

हा हॅरी पॉटरच्या जगातल्या 'फँटॅस्टिक बीस्ट्स' मालिकेचा दुसरा चित्रपट. हे जग आता आपल्यालाही परके राहिलेले नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने पहिले पुस्तक मराठीत आले त्याला बरीच वर्षे झाली. ते वाचून मोठी झालेली मुले आज नोकरीला लागली आहेत, काही जण आईवडील झाले आहेत. या वाचकांनी वर्षानुवर्षे ज्या जगावर जीव टाकला, त्या जगाचे पुढे काय झाले हा प्रश्न म्हणूनच फक्त परदेशी करमणुकीचा नाही.

आधी साधनसामग्री पाहू. सुमारे २० कोटी डॉलर खर्च. दिग्दर्शक डेव्हिड येट्स, म्हणजे हॅरी पॉटरच्या शेवटच्या चारही चित्रपटांचे दिग्दर्शक. कलादिग्दर्शन स्टुअर्ट क्रेग यांचे, ज्यांनी हॉगवर्ट्सचा किल्ला पडद्यावर उभा केला. वेशभूषा कॉलीन ॲटवुड यांची, ज्यांना याच मालिकेच्या पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळाले होते. संगीत जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचे. एडी रेडमेन, ज्यूड लॉ, जॉनी डेप, झोई क्रॅव्हिट्झ असे कलावंत. आणि पटकथा खुद्द जे. के. रोलिंग यांची. यातले कोणतेही नाव कच्चे नाही. तरीही २०१६ च्या पहिल्या भागाने जगभरात सुमारे ८१ कोटी डॉलर मिळवले, या दुसऱ्या भागाने सुमारे ६५ कोटी, आणि २०२२ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागाने जेमतेम ४० कोटी. पाच भागांची घोषणा झालेली मालिका तिसऱ्या भागावर थांबली. प्रेक्षक रागावून निघून गेला असे नाही. त्याचा जीव त्यातून हळूहळू निघून गेला. तो का निघाला, हे शोधण्यासाठी पहिल्या भागाकडे वळावे लागते.

मुळात 'फँटॅस्टिक बीस्ट्स' ही २००१ मध्ये एका धर्मादाय कामासाठी लिहिलेली छोटीशी पुस्तिका. हॅरीच्या शाळेतले पाठ्यपुस्तक अशी तिची कल्पना. तिच्यात कथानक नाही, फक्त जादुई प्राण्यांची वर्णक्रमाने केलेली नोंद आहे. लेखक म्हणून नाव न्यूट स्कॅमँडरचे. रोलिंगबाईंनी या नोंदवहीतून एक माणूस उभा केला आणि १९२६ च्या न्यूयॉर्कमध्ये आणून सोडला. हातात एक जुनी चामडी बॅग, आणि बॅगेत उतरले की आत अख्खे अभयारण्य.

हा नायक मला फार महत्त्वाचा वाटतो. अद्भुतकथांमधले नायक सहसा काहीतरी जिंकायला निघतात. राक्षस मारायचा असतो, तलवार मिळवायची असते, सिंहासन परत घ्यायचे असते. न्यूटला काहीच जिंकायचे नाही. तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांत नीट पाहत नाही, पण जखमी प्राण्यासमोर मात्र गुडघ्यावर बसतो, त्याच्या चालीने चालतो, त्याच्या आवाजात बोलतो. ज्यांना जग हिंस्र म्हणते ते प्राणी घाबरलेले आहेत, एवढेच त्याचे म्हणणे. पराक्रमाऐवजी सांभाळ हा ज्याचा गुण आहे, असा नायक इतक्या मोठ्या खर्चाच्या चित्रपटात क्वचित भेटतो.

त्याच्या जोडीला जेकब कोवाल्स्की. पहिल्या महायुद्धातून परतलेला, कारखान्यात डबे भरणारा, बेकरी काढायचे स्वप्न पाहणारा साधा माणूस. बँक त्याला कर्ज नाकारते, कारण तारण ठेवायला त्याच्याकडे काही नाही. त्याच्या नजरेने आपण न्यूटच्या बॅगेत उतरतो. चित्रपटाच्या शेवटी जादूगारांच्या नियमाप्रमाणे त्याची आठवण पुसावी लागते. तो स्वतःहून पावसात जाऊन उभा राहतो. पुढे एके दिवशी त्याच्या हातात एक पेटी येते. तीत एका प्राण्याच्या अंड्यांची चांदीची टरफले. तारणाची सोय झाली. बेकरी उघडते, आणि तिथले पाव नकळत त्या विसरलेल्या प्राण्यांच्या आकाराचे होतात. जिच्यावर त्याचे प्रेम होते ती क्वीनी दारात येते, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी ओळखीचे हलते. तिथे चित्रपट संपतो. अद्भुतरसाला किंमत मोजावी लागते हे या शेवटाने फार सुंदर सांगितले होते.

आता दुसरा भाग सुरू होतो. जेकबला सगळे आठवते आहे. कसे? पावसाने फक्त वाईट आठवणी पुसल्या, आणि त्याच्या सगळ्या आठवणी चांगल्या होत्या, असे एका वाक्यात सांगून विषय संपतो. पहिल्या भागाच्या अखेरीस ज्याच्या चिंधड्या उडताना आपण पाहिल्या तो क्रीडेन्स हा मुलगा जिवंत आहे. कसा वाचला, याचे उत्तर नाही. न्यूट आणि पहिल्या भागात भेटलेली टीना या दोघांत जुळू लागलेले नाते तुटले आहे, कारण एका मासिकाने चुकून न्यूटचा साखरपुडा झाल्याची बातमी छापली. साखरपुडा त्याच्या भावाचा, थीसियसचा झाला होता.

मला हे तांत्रिक दोष वाटत नाहीत. पहिल्या भागात पात्रांनी जी किंमत मोजली, ती दुसऱ्या भागाने पहिल्या वीस मिनिटांत परत करून टाकली. एकदा असे झाले की प्रेक्षक पुढच्या कोणत्याही दुःखावर विश्वास ठेवत नाही. मरण मागे घेता येते, विस्मरण मागे घेता येते, तर मग डोळे का भिजावेत? पुढच्या भागाची पहिली जबाबदारी मागच्या भागाशी इमान राखण्याची असते. इथे ते इमान सुटले.

आणि न्यूट? त्याचे या कथेत काय काम? जादूगार डंबलडोर त्याला पॅरिसला पाठवतो म्हणून तो जातो. तिथे तो टीनाला शोधतो, टीना क्रीडेन्सला शोधते, क्रीडेन्स आपल्या आईला शोधतो, युसूफ कामा नावाचा आणखी एक जण क्रीडेन्सला मारायला शोधतो. शोधणाऱ्यांची ही रांग इतकी लांब होते की ज्याच्या नावाने मालिका आहे तो आपल्याच गोष्टीत पाहुणा होतो. एका जुन्या प्रसंगात शाळकरी मुलांसमोर त्यांची सर्वांत मोठी भीती साकार होते, तेव्हा न्यूटसमोर काय येते? सरकारी कचेरीतले एक टेबल. साऱ्या चित्रपटात न्यूटविषयी इतके खरे दुसरे काही नाही. आयुष्य फायलींमध्ये अडकेल याची ज्याला दहशत आहे, त्या माणसाची गोष्ट इथून किती दूर जाऊ शकली असती! पण तो प्रसंग क्षणभर चमकतो आणि विझतो.

आता चित्रपटाच्या गाभ्याकडे येतो. पॅरिसमधली पेर लाशेझ ही जगप्रसिद्ध दफनभूमी. तिथे लेस्ट्रेंज घराण्याचे समाधिस्थान. उत्कर्षबिंदूच्या जरा आधी सगळी प्रमुख पात्रे तिथे गोळा होतात आणि एकमेकांना घराण्यांचा इतिहास सांगू लागतात. युसूफ सांगतो की याच घराण्यातल्या लीटाच्या वडिलांनी त्याच्या आईला वशीकरणाने पळवले आणि बाळंतपणात ती गेली. लीटा तिची मुलगी. त्या बापाने दुसरे लग्न केले आणि दुसऱ्या बायकोच्या मुलावर, कॉर्व्हसवर, जीव लावला. बापाच्या सर्वांत लाडक्या माणसाला मारण्याची शपथ युसूफने घेतलेली. तो कॉर्व्हस म्हणजेच क्रीडेन्स, असा त्याचा समज. मग लीटा सांगते की कॉर्व्हस केव्हाच गेला. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर तो सारखा रडत होता म्हणून तिने समोरच्या खोलीतले शांत मूल उचलले आणि भावाला तिथे ठेवले. जहाज बुडाले. भाऊ बुडाला, दुसरे मूल वाचले. ते मूल म्हणजे क्रीडेन्स.

एवढे ऐकताना प्रेक्षकाची जी दमछाक होते ती मी वर्णन करण्याची गरज नाही. लग्नाच्या मांडवात कुणीतरी सारखे नातेवाइकांची ओळख करून देत राहावे आणि त्यात नवरा-नवरीकडे पाहायला सवडच मिळू नये, तशी ही अवस्था.

आणि याचे मला वाईट वाटते, कारण लीटाची गोष्ट खरोखर भयंकर आहे. वडिलांनी कधी प्रेम केले नाही अशी एक लहान मुलगी. ज्या भावापायी आपल्याला कुणी विचारत नाही, त्या भावाच्या रडण्याला ती क्षणभर कंटाळते. फक्त क्षणभर शांतता हवी असते तिला. आणि त्या क्षणाची शिक्षा जन्मभर. या एका प्रसंगावर अख्खा चित्रपट उभा राहू शकला असता. झोई क्रॅव्हिट्झने तिचे अपराधीपण फार संयमाने उभे केले आहे. पण पटकथेने ती वेदना जगू न देता फक्त कथन करायला लावली. उभ्या-उभ्या, पाच-सहा माणसांसमोर, दुसऱ्याच कुणाच्या जन्माचा गुंता सोडवण्यासाठी. तिचे दुःख पुराव्यासारखे वापरले गेले, आणि थोड्या वेळात ती मेली.

शेवटच्या प्रसंगात खलनायक ग्रिंडेलवाल्ड क्रीडेन्सला त्याचे खरे नाव सांगतो: ऑरेलियस डंबलडोर. संगीत चढते, पहाड फुटतो, पडदा काळा होतो.

जन्मरहस्य ही कथेची फार जुनी आणि फार मोठी युक्ती आहे, आणि आपल्याइतके ते कुणाला ठाऊक असणार? कर्णाची गोष्ट ऐकत आपण वाढलो. शिष्टाई फसल्यावर श्रीकृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा पुत्र आहेस, थोरला पांडव आहेस, राज्य तुझे आहे. पुढे कुंती स्वतः गंगेकाठी येते. हे रहस्य वाचकाला आधीपासून माहीत असते. मग त्या प्रसंगाचा थरार कशात आहे? ते ऐकल्यावर कर्ण काय करतो यात. तो राधेला आई म्हणतो, दुर्योधनाचे मीठ विसरत नाही, आणि कुंतीला तिचे पाच मुलगे उरतील एवढे वचन देऊन परत फिरतो. जन्माचे सत्य कळले आणि तरीही त्याने निवड वेगळी केली. मराठीत 'मृत्युंजय' आणि 'राधेय' पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या जातात, त्या याच निवडीसाठी. कर्णाच्या जन्माची माहिती मिळवायला ती पुस्तके कुणी उघडत नाही.

क्रीडेन्सला 'ऑरेलियस डंबलडोर' हे नाव कळल्याने काय होते? त्याच्यासाठी काहीच नाही. डंबलडोर हे नाव त्याने आयुष्यात जेमतेम ऐकले असेल. त्या नावाने दचकतो तो फक्त चित्रपटगृहात बसलेला, सात पुस्तके वाचलेला वाचक. म्हणजे रहस्य पात्राला सांगितले जात नाही, ते पात्राच्या डोक्यावरून आपल्याला सांगितले जाते. त्या मुलापुढे कोणतीही निवड उभी राहत नाही.

शिवाय ते रहस्य पुस्तकांच्या हिशोबात बसतही नाही. डंबलडोरचे वडील तो शाळेत दाखल होण्याआधीच अझ्काबानच्या तुरुंगात गेले आणि तिथेच वारले. आई गेली ती त्याचे शिक्षण संपता-संपता, १८९९ मध्ये. १९२७ मध्ये विशीतला दिसणारा त्याचा सख्खा भाऊ कुठून येणार? तिसऱ्या भागात यावर पडदा टाकण्यासाठी क्रीडेन्स हा डंबलडोरच्या धाकट्या भावाचा, अबरफोर्थचा मुलगा ठरवण्यात आला. पॉटरच्या वाचकाला अशा गोष्टी पटकन दिसतात. मॅकगोनागल बाई पाचव्या पुस्तकात, म्हणजे १९९५ मध्ये, आपल्याला शिकवायला लागून डिसेंबरात ३९ वर्षे होतील असे सांगतात, आणि या चित्रपटात त्या १९२७ मध्ये, त्याआधीही, शाळेत शिकवताना दिसतात. कुणी म्हणेल, एवढ्या बारीक गोष्टी कशाला धरता? कारण या जगाच्या निर्मातीनेच आम्हा वाचकांना बारीक पाहायला शिकवले. तिसऱ्या पुस्तकातला उंदीर पहिल्या पुस्तकापासून खिशात असतो, हे ज्याने अनुभवले आहे तो वाचक तपशिलाला गृहीत धरत नाही.

पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगण्यासाठी मी आज उभा आहे.

हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांचा कणा कोणता? जन्माने माणूस ठरत नाही, हा. ज्या जगात शुद्ध रक्ताचा अभिमान बाळगणारी घराणी आहेत, तिथे वर्गातली सर्वांत हुशार मुलगी दंतवैद्य आईवडिलांच्या पोटी जन्मते आणि तिला तिच्या रक्तावरून शिवी खावी लागते. हॅरीला टोपी कोणत्या घरात घालणार, हे त्याच्या मनातल्या इच्छेने ठरते. ज्या भविष्यवाणीवर सगळी कथा फिरते, ती हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल यालाही लागू पडली असती. व्होल्डेमॉर्टने हॅरीला निवडले म्हणून ती हॅरीची झाली. व्होल्डेमॉर्ट मात्र सारे आयुष्य आपल्या वंशाच्या खुणा गोळा करत हिंडतो: आजोबांची अंगठी, पूर्वजाचे लॉकेट. रक्तात अर्थ शोधणे हा त्या पुस्तकांत खलनायकाचा रोग आहे.

आणि या चित्रपटात? सगळ्यांना तोच रोग लागला आहे. नायक, नायिका, खलनायक, सगळे एकच प्रश्न विचारतात, की हा मुलगा कुणाचा? उत्कर्षबिंदूला एक वंशवृक्ष येतो. ज्या लेखिकेने जगभरच्या मुलांना रक्ताच्या गर्वापासून सावध केले, तिच्याच पटकथेत रक्त हेच अंतिम उत्तर ठरते. क्रीडेन्सची खरी व्यथा काय होती? पहिल्या भागात एका क्रूर दत्तक आईने त्याला पट्ट्याने मारले, त्याची जादू त्याच्या आत कोंडली गेली आणि तिचे विध्वंसक काळे वादळ झाले. मारले गेलेले मूल आतून कसे फुटते, याची ती गोष्ट होती. त्या मुलाला मायेची गरज होती. दुसऱ्या भागाने त्याला आडनाव दिले.

डंबलडोरच्या बाबतीतही असेच घडले, आणि ते मला सर्वांत जास्त लागले. सातव्या पुस्तकात किंग्ज क्रॉस नावाचे प्रकरण आहे. तिथे मरणानंतरचा डंबलडोर हॅरीपाशी मन मोकळे करतो. तरुणपणी तो आणि ग्रिंडेलवाल्ड जिवलग होते, दोघांनी मिळून जगावर राज्य करण्याची स्वप्ने पाहिली. भांडणात हे दोघे आणि अबरफोर्थ अशा तिघांच्या मंत्रांच्या झटापटीत बहीण ॲरियाना मेली. नेमका कुणाचा मंत्र लागला, कधीच कळले नाही. पुढे ग्रिंडेलवाल्ड युरोपभर थैमान घालत असताना डंबलडोर वर्षानुवर्षे त्याच्यासमोर गेला नाही, कारण समोर गेल्यावर ते उत्तर मिळेल याची त्याला भीती वाटत होती. लोक मरत होते आणि जगातला सर्वांत मोठा जादूगार लाजेने आणि भयाने घरात बसला होता. अखेर १९४५ मध्ये तो गेला. शहाण्या, चांगल्या माणसाच्या आतला भित्रेपणा इतक्या प्रामाणिकपणे मुलांसमोर ठेवणारे लेखन फार थोडे आहे.

चित्रपटात डंबलडोर का जात नाही? कारण दोघांनी तरुणपणी रक्ताची शपथ घेतली होती, ती एका कुपीत बंद आहे, आणि ती फुटेपर्यंत तो ग्रिंडेलवाल्डवर हात उचलू शकत नाही. शेवटी न्यूटचा एक लहानसा प्राणी ती कुपी पळवतो, आणि न्यूट ती डंबलडोरच्या हवाली करतो. ज्याला न जाण्याबद्दल शरम वाटायला हवी होती, त्याला आता जाता येत नाही म्हणून आपली सहानुभूती मागितली जाते. नैतिक कचाट्याची जागा यांत्रिक अडचणीने घेतली. ज्यूड लॉच्या चेहऱ्यावर ती जुनी शरम कधी कधी दिसते. त्या नटाला पुस्तकातला डंबलडोर मिळाला असता तर, असे वाटत राहते.

तरीही या चित्रपटात एक असा भाग आहे की ज्यासाठी मी तो पुन्हा पाहतो. दफनभूमीच्या खाली भरलेली ग्रिंडेलवाल्डची सभा. तो ओरडत नाही. आपण कुणाचा द्वेष करत नाही, असे सांगतो. मग एका कवटीतून धूर ओढतो आणि तो सभेवर सोडतो. त्या धुरात १९२७ च्या जमावाला पुढची दृश्ये दिसतात: चालून येणारे रणगाडे, हाकून नेली जाणारी माणसांची रांग, आणि अखेर अणुबॉम्बचा तो ढग. पहिल्या युद्धातून आलेला जेकब कळवळून म्हणतो की आता पुन्हा युद्ध नको. म्हणजे हुकूमशहा जे दाखवतो ते खोटे नाही. ते खरेच घडणार आहे. खऱ्या भयाचा तो सत्तेसाठी वापर करतो. सभेला वेढा घालून उभ्या असलेल्या पोलिसांपैकी एक घाबरलेला तरुण गर्दीतल्या एका मुलीला ठार करतो. ग्रिंडेलवाल्डला नेमके हेच हवे असते. तो आपल्या लोकांना सांगतो की जा, आपण हिंसक नाही हे सर्वांना सांगा. विसाव्या शतकाचे राजकारण ज्याने वाचले आहे त्याच्या अंगावर या प्रसंगात काटा येतो.

आणि या सभेत क्वीनी आहे. दुसऱ्यांचे विचार ऐकू येणारी, हसरी, प्रेमळ क्वीनी. अमेरिकेतल्या जादूगारांच्या कायद्याने बिनजादूच्या माणसाशी लग्न करायला बंदी. तिला जेकबशी लग्न करायचे आहे. बंदी झुगारता येत नाही, जेकब तिला तुरुंगात जाऊ द्यायला तयार नाही. पॅरिसच्या पावसात ती एकटी पडते, गर्दीचे सगळे विचार तिच्या डोक्यात घुसतात, ती पदपथावर बसते. तेव्हा मायेने विचारपूस कोण करते? ग्रिंडेलवाल्डची माणसे. तो तिला धमकी देत नाही, कोंडत नाही, तिच्यावर माया दाखवतो आणि तिला मोकळे सोडतो. शेवटी निळ्या आगीच्या रिंगणात ती जेकबला हाका मारते. तो येत नाही. ती एकटीच ती आग ओलांडून पलीकडे जाते, त्या माणसाच्या बाजूला, ज्याच्या राज्यात जेकबसारख्यांना जागा नसेल.

श्रोतेहो, हा चित्रपट तिथे होता! चांगली, प्रेमळ, कुणाचेही वाईट न चिंतणारी व्यक्ती अशा पुढाऱ्याकडे कशी जाते? कायद्याने तिला दुखावलेले असते, आप्तांनी तिला वेडी म्हटलेले असते आणि तो मात्र तिचे ऐकून घेतो. एवढे पुरते. या विषयावर लहान-मोठ्यांनी एकत्र बसून पाहावा असा चित्रपट झाला असता तर त्याचे मोल मोजता आले नसते. पण १३४ मिनिटांच्या चित्रपटात क्वीनीला मोजके प्रसंग मिळाले. त्यातही सुरुवातीला तिने जेकबवर मोहिनी घालून त्याला लंडनला आणलेले असते. प्रेमाच्या माणसाची इच्छाशक्तीच काढून घेण्याइतकी ती खचली आहे, ही किती गंभीर बाब! चित्रपट ती गंमत म्हणून दाखवतो. पायाच असा हलका घातल्यावर शेवटच्या आगीचा चटका बसणार कसा? तिच्या वाट्याचा वेळ वंशवृक्षाने खाल्ला.

असाच वेळ नागिनीच्या वाट्याचाही गेला. पुस्तकांत व्होल्डेमॉर्टची सर्पीण असलेली नागिनी मुळात शापित स्त्री होती, एक दिवस ती कायमची साप होणार आहे, असे हा चित्रपट सांगतो. नागलोकांच्या कथा ऐकलेल्या आपल्या प्रेक्षकाला त्यात केवढे कारुण्य दिसू शकते! चित्रपटाने तिला सर्कशीतल्या पिंजऱ्यात दाखवले, क्रीडेन्सच्या मागे चालवले आणि हातावर मोजता येतील एवढी वाक्ये दिली.

हे असे का झाले? कुणाच्या मनात शिरून मी उत्तर देणार नाही, पण दोन गोष्टी डोळ्यांसमोर आहेत. हॅरी पॉटरच्या आठ चित्रपटांपैकी सातांच्या पटकथा स्टीव्ह क्लोव्ह्ज यांनी लिहिल्या. त्यांचे काम वजाबाकीचे होते. शेकडो पानांची कादंबरी समोर, तिच्यातून अडीच तासांचा चित्रपट काढायचा. काय गाळायचे हे ठरवता-ठरवता काय अपरिहार्य आहे तेही ठरत गेले. वाचक कुरकुरले, पण चित्रपटाला आकार आला. 'क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड'च्या मागे कादंबरी नव्हती. रोलिंगबाईंनी थेट पटकथा लिहिली, आणि ती वाचली तर जाणवते की ती एका मोठ्या कादंबरीचा सारांश आहे. कादंबरीत लीटाच्या बालपणाला पन्नास पाने मिळाली असती, युसूफच्या शपथेला एक प्रकरण, नागिनीला आणखी एक. आपण त्यांच्यासोबत राहिलो असतो, आणि मग समाधिस्थानातला उलगडा आपल्याही जिव्हारी लागला असता. पटकथेत तेवढी पाने नसतात. वजाबाकी करणारा दुसरा हात हवा होता. तिसऱ्या भागासाठी क्लोव्ह्ज यांना सहलेखक म्हणून परत आणले गेले, यावरून ती उणीव निर्मात्यांनाही जाणवली असावी, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट पाच भागांच्या घोषणेची. आधी तीन चित्रपट ठरले होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे पहिला भाग प्रदर्शित होण्याच्याही आधी, पाच होतील असे जाहीर झाले. त्या क्षणी दुसऱ्या भागाचे स्वतंत्र अस्तित्व संपले. त्याने पुढच्या तिघांसाठी पात्रे आणून ठेवायची, प्रश्न उभे करायचे, उत्तरे राखून ठेवायची. तिकीट काढून आलेल्या माणसाला आजचे जेवण द्यायचे सोडून पुढच्या पंगतीची तयारी दाखवण्यात आली.

मालिकेतला भाग अपुरा संपूच नये असे माझे म्हणणे नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये 'बाहुबली'चा पहिला भाग एका प्रश्नावर थांबला, आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न २०१७ पर्यंत गावोगाव विचारला गेला. कारण तोवर कटप्पाची निष्ठा आपण पाहिली होती. जो माणूस असे करणे शक्यच नाही त्याने ते का केले, हा स्वभावाचा प्रश्न होता. नाव-गोत्राचे कोडे स्वभावाच्या प्रश्नाइतके टिकत नाही, कारण त्याचे उत्तर एका शब्दात संपते.

काही तरुण मित्र मला म्हणतात की तुम्ही फार जड चष्म्यातून पाहता. पॅरिसच्या रस्त्यावर धावणारा तो चिनी दंतकथेतला झोऊवू पाहा, त्याची रंगीत झुबकेदार शेपूट पाहा, आणि न्यूट त्याला एका साध्या खेळण्याने कसा शांत करतो ते पाहा. खरे आहे. तो प्रसंग सुंदर आहे, आणि तो सुंदर आहे याचे कारण त्यात न्यूट पुन्हा न्यूट होतो. हाल झालेल्या, बिथरलेल्या प्राण्याला तो मारत नाही, समजून घेतो. माझी तक्रार याच प्रसंगाच्या बाजूने आहे. हा माणूस क्रीडेन्ससमोर असाच बसला असता तर? ज्याला सगळे शस्त्र म्हणून किंवा संकट म्हणून शोधत होते, त्या मुलाला या एका माणसाने घाबरलेले मूल म्हणून पाहिले असते. पहिल्या भागात, भुयारी रेल्वेच्या त्या प्रसंगात, त्याने तसा प्रयत्न केलाही होता. दुसऱ्या भागात दोघांची धड भेटही होत नाही. मालिकेच्या नायकाकडे जी एकमेव शक्ती होती ती मालिकेच्या मध्यवर्ती दुःखापर्यंत पोहोचू दिली गेली नाही. माझ्या मते हा चित्रपट इथे हरला.

ज्या १९४५ च्या द्वंद्वाकडे ही सारी मालिका निघाली होती, ते अजून पडद्यावर आलेले नाही. ते एका पुस्तकाच्या काही ओळींतच आहे. म्हणून इथे बसलेल्या पालकांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. मुलांना पहिला भाग जरूर दाखवा. दुसरा दाखवायचा असेल तर त्याआधी सातव्या पुस्तकातले किंग्ज क्रॉस हे पस्तिसावे प्रकरण त्यांच्याबरोबर बसून वाचा. मग चित्रपट पाहून झाल्यावर त्यांना विचारा की क्वीनी का गेली, आणि त्यांना जे सांगायचे आहे ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.